हळदीत उघडलेलं ॲप

माझ्या भाचीची कबड्डी मी बंद पाडली. घरात असं कुणी तोंडावर म्हणत नाही. वहिनी तर उलट माझीच समजूत घालते, पोरीच्या नशिबात तेवढंच होतं म्हणते. पण नशिबावर खापर फोडायला मला जमत नाही. ती कबड्डी कशी बंद पडली ते मला पायरीपायरीनं ठाऊक आहे, आणि प्रत्येक पायरीवर मीच उभी होते.

मी एका खेळांच्या बातम्यांच्या ॲपसाठी घरी बसून काम करते. धामणकर नाक्यावरून आत वळलं की लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने लागतात. त्यातल्या एकाच्या वर माझी खोली आहे. लग्न केलं नाही, आणि आता त्याबद्दल विचारायचंही लोकांनी सोडून दिलंय. सकाळी लॅपटॉप उघडायचा, वरून आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या आणि प्रत्येक बातमीला टॅग लावायचे. कुठला खेळ, कुठला संघ, खेळाडू जखमी झाला की संघातून वगळला गेला. वाचणाऱ्यानं आपला आवडता संघ निवडलेला असतो, त्या टॅगवरून ॲप त्याला त्याच्या त्याच्या बातम्या दाखवतं. अमक्या फलंदाजाच्या बायकोनं विमानतळावर कुठली पर्स घेतली होती, हेसुद्धा मी मराठीत केलेलं आहे. त्याला 'जीवनशैली' असा टॅग होता.

या सगळ्यात माझा स्वतःचा म्हणावा असा एकच कोपरा होता. 'गावमैदान' नावाचा विभाग. तो मीच मागून घेतला होता. आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. कोनला, अंबाडीला, वाड्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात. मंडप, दिवे, भोंगे, जिंकणाऱ्याला बाइक. एवढं सगळं होतं आणि कुठल्याही पेपरात त्याची चार ओळींची बातमी येत नाही. मी वरच्यांना म्हटलं, रविवारी माझ्या सुट्टीच्या वेळात मी हे लिहीन. फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार.

मी स्वतः कधी कबड्डी खेळले नाही. चार पावलं पळाले तरी मला धाप लागते. दादा मात्र खेळायचा. माझा थोरला भाऊ, अंबाडीच्या अलीकडच्या आमच्या गावचा एके काळचा नावाजलेला चढाईपटू. त्याची चढाई बघायला शेजारच्या गावांतून माणसं यायची असं तो सांगतो. पण त्याच्या खेळाचं आज काहीही शिल्लक नाही. फोटो नाही, कात्रण नाही. एक पितळी ढाल मिळाली होती, ती आईनं एका वर्षी हंड्याच्या बदल्यात मोडीत दिली. त्यामुळे नवीन माणूस भेटला की दादा सांगतो, समोरचा हो हो करतो, आणि दादाला कळतं की याचा विश्वास बसलेला नाही. मग तो आणखी मोठ्यानं सांगतो. तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नाही.

त्याची मुलगी शाळेच्या संघातून खेळते हे मला त्याच्याआधी कळलं. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी आठ-दहा मुली जमवल्या होत्या आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांना शिकवत होत्या. दादाला एवढंच माहीत होतं की पोरगी शाळा सुटल्यावर 'खेळाला' थांबते. लंगडी-खोखो असेल असा त्याचा समज असावा. ती घरी सांगायची नाही आणि कुणी विचारायचंही नाही. मुळात ती बोलायचीच कमी.

कोनच्या स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी मुलींचा एक प्रदर्शनी सामना ठेवला होता. मी बातमीसाठी गेले होते, आणि बघते तर समोर आमचीच पोरगी. शाळेची निळी हाफ पॅन्ट, गुडघ्याला पट्टी. आधी तिची दोनदा पकड झाली. तिसऱ्यांदा ती गेली ती बोनस घेऊन आणि तिघींना बाद करून परत आली. पंचांनी हात वर केला तरी ती श्वास रोखूनच उभी होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. घरी आले आणि एका बैठकीत बातमी लिहिली, बाईंनी काढलेला फोटो लावला आणि टाकून दिली. दादाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. बातमी लिहिणारी बाई कुणाला विचारत बसते का, असा एक तोरा होता तेव्हा अंगात.

बातमीची लिंक मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. कुणी उघडली नाही. ॲप घेतल्याशिवाय ती उघडत नव्हती, आणि ॲप घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक तर फोनमध्ये जागा नाही. दुसरं म्हणजे तेव्हा ॲपमध्ये पैसे लावून संघ बनवायच्या खेळांच्या जाहिराती यायच्या. वहिनीनं स्वच्छ सांगितलं, "तो जुगार हाय. आमचे घरान नको." तिचं काही चुकलं नव्हतं. मग मी बातमी माझ्या फोनवर उघडली, तिचा स्क्रीनशॉट काढला आणि तो ग्रुपवर टाकला. घटकाभरात गावानं तो बघितला, माहेरवाशिणींच्या ग्रुपवर गेला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेला, दोन गावं ओलांडून परत माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बाइक घेऊन दारात. हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झाला.

"बाय, ह्या काय टाकलंस तू? पोरीचा फोटो आख्ख्या गावान फिरतं. हाफ पॅन्टीवर!"

मी चहा ठेवला. तो बोलतच होता. भावकी काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील. मध्येच त्याचा फोन वाजला, त्यानं बघितला. मग फोन माझ्यापुढे धरला. सरपंचांचा मेसेज होता, गावाचं नाव काढलंस म्हणून. त्याच्याखाली अंगठ्यांची रांग. दादानं चहा प्यायला, फोटो बोटांनी मोठा केला, पोरीचा पाय कुठं पडलाय ते बघितलं.

"पाय माज्यासारखाच टाकतं," तो म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "खेलं दे तिला. पन एक सांगतो बाय, बातमी येतं तवर. लोकांना ठाव पायजे पोरगी कशासाठी घराभायेर हाय ती. बातमी थांबली का खेल बी थांबला."

मी हो म्हटलं. त्यात कठीण ते काय होतं? लिहिणारी मी, विभाग माझा.

पुढची दोन वर्षं चांगली गेली. रविवारी सामना, संध्याकाळी बातमी, लगेच स्क्रीनशॉट. दादा तो अंबाडीच्या रिक्षा स्टँडवर दाखवायचा, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्याला दाखवायचा, गावाजवळच्या गोदामावर ट्रक घेऊन आलेल्या परप्रांतीय ड्रायव्हरलाही दाखवायचा. पोरगी डाव्या कोपऱ्यावर खेळायची आणि चढाईला जायची. तालुक्याच्या संघात आली. तिनं स्वतः माझी बातमी कधी कौतुकानं वाचली नाही. तिला फक्त तिच्या चुका आठवायच्या. "आत्या, माजी उत्तरार्धातली पहिली चढाई लिहिलीच नाहीस. मी फुकट बाद झाले ती." मी म्हणायचे, ते कशाला लिहायचं? ती म्हणायची, "झालं ना पन तसं."

मग ॲप सुधारायचं ठरलं.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरनं ते समजावून सांगितलं. बंगळुरूला बसणारा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हिंदीत बोलणारा, स्वभावानं चांगला पोरगा. आता वाचकानं काही निवडायची गरजच नाही, ॲपच त्याला ओळखणार. तो काय उघडतो, कुठं थांबतो, काय न वाचता पुढं सरकवतो, हे बघून त्याचं त्याचं पान तयार होणार. जे कुणी उघडत नाही ते आपोआप खाली जाणार. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर मी. मला वाटलं, आता त्या विमानतळावरच्या पर्सा जातील आणि खरा खेळ वर येईल. नव्या टॅगांची अख्खी यादी मीच बसून तयार केली. शाबासकीही मिळाली.

खालच्या कारखान्याचे मालक, आमचे घरमालक चाचा, त्यांच्या फोनवर मी नवं ॲप चालू करून दिलं. चाचा इथलेच, पिढ्यान्पिढ्यांचे, आणि क्रिकेटचे वेडे. आठ दिवसांनी जिना चढून वर आले.

"ताई, ये मेरेको कुस्ती कायको दिखाता है? सुबह कुस्ती, शाम को कुस्ती."

मग उलगडा झाला. शिफ्ट बदलताना त्यांचा फोन कारागिरांच्या हातात असतो. त्यातल्या दोघांना त्यांच्या मुलखातल्या कुस्तीच्या दंगली बघायच्या असतात. ॲपनं सगळ्यांचा मिळून एक माणूस बनवला होता आणि त्याला कुस्ती आवडत होती. चाचा म्हणाले, "सबको पहचानता है बोलते, मेरेको तो नहीं पहचानता." मी पोट धरून हसले. हसण्याऐवजी तेव्हाच डोकं चालवलं असतं, तर पुढचं थोडंफार तरी टळलं असतं.

महिन्याभरात विभागांची यादी आली. कुठल्या विभागाला किती वाचक. गावमैदान सगळ्यात तळाला होतं. बातम्या एकेक करून उघडून बघितल्या. पुरुषांच्या सामन्यांना थोडेफार वाचक होते. मुलींच्या बातम्यांपुढे बहुतेक ठिकाणी एकच आकडा होता, एक. बराच वेळ मला कळेना की हा एक कोण. मग कळलं. स्क्रीनशॉट काढायला मी बातमी उघडायचे ना? तो एक वाचक म्हणजे मी.

दोन वर्षं अख्खं गाव जे वाचत होतं, ते ॲपच्या लेखी कुणीच वाचलेलं नव्हतं. आणि लोकांना न उघडता वाचायची सवय मीच लावली होती, सोयीची म्हणून, मोठ्या प्रेमानं.

मीटिंगमध्ये मी हे सांगायला गेले. मी कायम माइक बंद करून बसते, कारण खाली लूमची खडखड चालू असते. त्या दिवशी माइक उघडला, दोन वाक्यं बोलले, तर पलीकडून "मॅम, पीछे बहुत आवाज़ है" म्हणत कुणीतरी माझा माइक बंद केला. मग लिहून पाठवलं. वाचक आहेत, पण ते स्क्रीनशॉटवर आहेत. मॅनेजरनं मीटिंगनंतर फोन केला. म्हणाला, "मॅम, मैं आपकी बात समझता हूँ. लेकिन स्क्रीनशॉट को हम काउंट कैसे करें? सिस्टम को जो दिखता है, वही है. अगला अपडेट आने तक कुछ रीडर दिखा दीजिए, मैं सेक्शन बचा लूँगा."

त्यानं खरंच वाचवला असता. त्याच्यावर माझा राग नाही.

मी ग्रुपवर लिहिलं की आता स्क्रीनशॉट टाकणार नाही, प्रत्येकानं ॲप घ्या आणि बातमी त्यातच उघडा. चार जणांनी अंगठा दाखवला आणि एकानं विचारलं, "आज फोटो न्हाय आला का?" मग मी दादाला सगळं समजावलं. त्याला एवढंच कळलं की वाचणारी माणसं दाखवायची आहेत. तो म्हणाला, "मानसांचा काय? मानसं मी दाखवतो. परवा हळद हाय."

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गावात घरटी एक माणूस आला असं होत नाही, घरंच्या घरं येतात. हळद होती दादाच्या मित्राच्या मुलाची. त्याच्या अंगणाला लागून गोदामाचं ऑफिस, त्यामुळे वायफाय होतं. दिवेलागणीला मी पोचले तेव्हा धवलारीण जात्यापाशी बसून लग्नातली गाणी म्हणत होती आणि नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता. दादानं डीजेवाल्याकडून माइक घेतला.

"आयका रं सगल्यांनी! मोबाइल काढा. आपले पोरीची बातमी उघडाची हाय. उघडल्याबिगर कोनी जेवाला बसाचा न्हाय!"

लोक हसले, पण फोन निघाले. वायफायचा पासवर्ड माइकवरून सांगितला गेला. मी या टोळक्यातून त्या टोळक्यात फिरत होते, ॲप उतरवून देत होते, बातमी उघडून देत होते. बायकांचे हात हळदीचे, त्यामुळे फोनच्या काचांवर पिवळी बोटं उमटत होती. गाणं थांबवून धवलारणीनंही नातवाचा फोन मागून घेतला. "मना काय दिसत न्हाय," ती म्हणाली, "पन दाबला बाय मी." जो तो फोटो बघायचा, "हां, बगला" म्हणायचा आणि ॲप बंद करून जेवायला जायचा. भाची तोंड लपवून स्वयंपाकाच्या मंडपात जाऊन बसली. मी मात्र आनंदात होते. इतकी माणसं एका मुलीच्या कबड्डीसाठी रांगेनं बोट दाबतात, हे मी कुठंच पाहिलं नव्हतं. दादानं लांबूनच मला हात करून विचारलं, झालं का? मी मान हलवली, झालं.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅम, आपके सेक्शन पे फेक ट्रैफ़िक आया है. किसी ने बॉट लगाया क्या?"

मला आधी काही कळेना. त्यानं समजावलं. एकाच वायफायवरून, थोड्या वेळात, इतकी नवी खाती. सगळ्यांनी एकच बातमी उघडली, काही सेकंद थांबले, बंद केली. बहुतेकांनी त्याच रात्री ॲप काढूनही टाकलं. माणसं असं वागत नाहीत. हे मशीनचं काम आहे, असं सिस्टमनं ठरवलं होतं.

"बॉट नहीं है," मी म्हटलं, "हल्दी थी."

"हल्दी मतलब?"

"शादी की हल्दी. पूरा गाँव था."

 तो म्हणाला, "मॅम, मैं रिपोर्ट में ये कैसे लिखूँ?"

खरंच, कसं लिहिणार? विभागावर खोट्या वाचकांचा शिक्का बसला आणि जी थोडी आशा होती तीही गेली. नुसते वाचक कमी असते तर त्यानं आणखी महिनाभर ओढून नेलं असतं. आता तर ते पान म्हणजे फसवणूक ठरली होती. संताप एवढा आला होता की कुणावर काढावा ते कळत नव्हतं. दादावर काढावा तर त्यानं गाव उभं केलं. मॅनेजरवर काढावा तर तो मला सांभाळून घेत होता, माझी नोकरी त्यानंच वाचवली. शेवटी मी स्वतःलाच आरशापुढं उभी राहून वाट्टेल ते बोलले आणि मग भात टाकला.

मग ॲपचा पुढचा अपडेट आला. त्यासोबत वाचकांना दिसणारं एक छोटं निवेदन असतं, काय काय सुधारलं ते सांगणारं. ते मराठीत करायचं काम माझ्याकडेच आलं. 'कमी वाचले जाणारे विभाग काढून आम्ही ॲप अधिक हलकं आणि अधिक तुमचं केलं आहे.' हे वाक्य माझं आहे. मूळ इंग्रजी वाक्य रुक्ष होतं. मी ते जरा गोड केलं.

जुन्या बातम्याही गेल्या. स्क्रीनशॉट तेवढे लोकांच्या फोनमध्ये राहिले, गेल्या दोन वर्षांचे.

पहिल्या रविवारी ग्रुपवर कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी दोघांनी विचारलं. तिसऱ्या आठवड्यात वहिनी गिरणीवर दळण घेऊन गेली, तर एका बाईनं विचारलं, "पोरीला काढली का गो टीममधून?" वहिनी नाही म्हणाली. बाई म्हणाली, मग फोटो कसा येत नाही? महिनाभरात त्याचं भलतंच झालं. गावात माणसाचं नाव यायचं बंद होतं ते एकाच कारणानं, त्यानं काहीतरी केलेलं असतं. पोरीनं काय केलं असेल यावर ज्याला जे सुचलं ते तो बोलला. कुणी म्हणालं बाहेरगावच्या मुलाबरोबर दिसली, कुणी म्हणालं बाईंशी भांडली. पोरगी तर दर संध्याकाळी शाळेमागं सराव करत होती, आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. दहा दिवस ठाण्याला राहायचं होतं.

दादा परत माझ्या दारात आला. या वेळी ओरडला नाही. खुर्चीवर बसून खाली बघत राहिला. त्याचं ओरडणं मला परवडलं असतं.

"तुज्या ॲपान सगली दुनिया दिसतं," तो म्हणाला. "आमचीच पोर कशी दिसाची बंद झाली?"

"कुणी वाचत नाही असं वाटलं त्यांना."

"आख्खा गाव वाचत होता!"

"हो, दादा."

"मंग?"

मी पुन्हा सगळं सांगायला लागले. स्क्रीनशॉट, वायफाय, मशीन. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. म्हटलं, मी माझ्या फेसबुकवर लिहिते, फोटो टाकते, हवं तर रोज टाकते. तो म्हणाला, "फेसबुकान काय, बर्थडेवाले बी येतान. ते कोनी मानत न्हाय." मी म्हटलं, शिबिराचं पत्र दाखव ना लोकांना. तो म्हणाला, "पत्र घेऊन दारोदार फिरू काय? लोकं तोंडावर हां बोलतान." ते कसं असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

जाताना जिन्यात थांबला. "माजा शब्द होता बाय. बातमी येतं तवर. तू बी हां बोललीस."

शिबिराचा पहिला दिवस गेला, दुसरा गेला, पोरगी घरीच होती. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. नाक्यावरून शेअर रिक्षा धरली, अंबाडीला उतरले आणि गावी गेले. जाताना मनात भाषण तयार केलं होतं. दादाशी भांडायचं, पाया पडायचं, पोरीला सोबत घेऊन सरळ ठाणं गाठायचं. घरी दादा नव्हता. वहिनीनं पाणी दिलं आणि मागच्या अंगणाकडे बोट केलं.

भाची तिथं कपडे धूत होती. मला बघून उठली नाही. मी पायरीवर बसले आणि जे सुचेल ते बोलत सुटले. की अजून सात दिवस आहेत, की मी दादाला पटवते, की मी दुसऱ्या एका पेपरवाल्याशी बोलतेय, की तो नक्की छापेल, की एकदा छापून आलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील, आणि मग परत पहिल्यासारखं.

ती शर्ट पिळत ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं तो झटकून दोरीवर टाकला.

"आत्या, पहिल्यासारखं म्हंजे कवासारखं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुजी बातमी यायच्या आधी मी वरीसभर खेलत होते. कुनालाच ठाव नव्हतं. बाबांना बी न्हाय. तवा मना कुनी बंद केला नव्हता."

मी पायरीवरून उठले आणि दोरीवरच्या त्या शर्टाला चिमटा लावला. तिनं बादलीतला दुसरा कपडा उचलला.